बुडालेली बोट वर काढायचं सामान: लिफ्ट बॅग, ड्रम, पंप आणि फवारे यांची पारख

१८ फुटी फायबर बोट आणि मागे बाहेरून टांगलेलं ६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन. मांडव्यापासून तारकर्लीपर्यंत हौशी मंडळींकडे आणि पर्यटकांना फिरवणाऱ्यांकडे ही जोडी सर्रास दिसते. अशी बोट धक्क्याला किंवा नांगरावर असताना तळाशी गेली, तर ती वर काढायला आणि इंजिन वाचवायला जे सामान विकत किंवा भाड्याने मिळतं, त्यातलं कशावर पैसे घालावेत आणि कशावर नाही, ते इथे लिहितो आहोत. निकाल आधीच सांगून टाकतो. आठ रिकामे ड्रम, दोन इंची पंप, भरपूर गोडं पाणी आणि सहा-सात लिटर इंजिन ऑइल एवढ्यावर बहुतेक बोटी वाचतात. महागड्या फवाऱ्यांचे डबे आणि घाईत बोलावलेली हायड्रा क्रेन यांच्यामुळे मात्र नुकसान वाढलेलंच जास्त वेळा दिसतं.

सामानाआधी दोन फोन. बोटीवर कोणी होतं का, याची खात्री नसेल तर तटरक्षक दलाचा १५५४ किंवा सागरी पोलिसांचा १०९३. सगळी माणसं सुखरूप असतील, तर विमा कंपनीला आणि महाराष्ट्रात सागरी मंडळाच्या बंदर अधिकाऱ्याला, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयाला लेखी कळवा. बुडालेल्या जागी भडक रंगाचा बोया बांधा, नाहीतर दुसऱ्या बोटीचा पंखा तुमच्या बोटीच्या काठावर आपटेल.

ड्रम की लिफ्ट बॅग

पाण्याखाली बोट वाटते त्यापेक्षा बरीच हलकी असते. ६०० किलोच्या फायबर सांगाड्याचं वजन बुडाल्यावर साधारण २०० ते २२० किलो भरतं, कारण त्याने बाजूला सारलेलं पाणी त्याला उचलून धरत असतं. ११५ किलोचं इंजिन ७५ किलोंच्या आसपास येतं. बॅटरी, नांगर, साखळी धरून एकूण ३०० किलो. गाळात रुतली असेल तर सुटेपर्यंत याच्या दुप्पट जोर लागू शकतो. २०० लिटरचा निळा प्लास्टिक ड्रम समुद्रात साधारण २०० किलो उचलतो, म्हणजे हिशेबाने चार ड्रम पुरे. इथेच लोक फसतात.

बोट पृष्ठभागाला लागली की हिशेब उलटतो. आत अजून तीन घनमीटर, म्हणजे तीन टन पाणी आहे. खाली असताना त्या पाण्याला वजन नव्हतं, कारण बाहेरही तेच पाणी होतं. पण काठ पाण्याच्या वर यायला लागला की आतलं पाणीसुद्धा उचलावं लागतं. या मापाच्या बोटीचा काठ फक्त १० सेंटिमीटर वर आणायला सुमारे ९०० किलोंची जादा ओढ हवी. चार ड्रमांवर बोट पृष्ठभागापर्यंत येते आणि काठ पाण्याच्या पातळीला टेकून तिथेच अडते. मग कोणीतरी वरून दोर लावून ओढतं आणि काठ फाटतो. म्हणून ड्रम आठ घ्या, आणि ते काठाला न बांधता शक्य तितके खाली, पोटाच्या वळणापाशी बांधा. काठाला बांधलेला ड्रम पृष्ठभागावर येताच निम्मा हवेत तरंगतो, आणि पाण्याबाहेर आलेला भाग काहीही उचलत नाही.

हवा बंद करून ड्रम खाली नेण्याचा प्रयत्न करू नका. तो बुडत नाही, आणि बळेच नेला तर चेपतो. आधी पाण्याने भरून बुडवायचा, बांधायचा, आणि मग बुचाच्या भोकातून हवा सोडायची. ड्रम आडवा, बूच तळाच्या बाजूला आणि उघडंच. वर येताना आतली हवा फुगते, जादा हवा त्या उघड्या भोकातून निघून जाते. ट्रकच्या ट्यूब वापरणारे इथेच चुकतात. १० मीटर खोलीवर ट्यूब फुगवून व्हॉल्व्ह बंद केला, तर पृष्ठभागापर्यंत आतल्या हवेचं आकारमान दुप्पट होतं. ट्यूब मध्येच फुटते आणि बोट एका अंगावर परत खाली जाते. तीन मीटरच्या खाडीत ट्यूब चालून जाईल, त्याहून खोल नको.

हवेचा हिशेबही करून ठेवा. पाच मीटर खोलीवर २०० लिटरच्या ड्रमाला पृष्ठभागावरची ३०० लिटर हवा लागते. आठ ड्रम म्हणजे २४०० लिटर. १२ लिटरचा, २०० बार भरलेला सिलिंडर नेमकी तेवढीच हवा देतो. त्यामुळे कागदावर एक पुरतो, पण प्रत्यक्षात दोन न्या. ड्रम भरायचा सिलिंडर वेगळा आणि पाणबुड्याच्या श्वासाचा वेगळा, यात तडजोड नको.

लिफ्ट बॅगचं काय? छत्रीसारखी, खालून उघडी बॅग खोल पाण्यात उत्तम. मात्र तिला हवा सोडायचा दोरीचा व्हॉल्व्ह असलाच पाहिजे, नाहीतर हवा फुगत जाते आणि बोट बाणासारखी वर येते. उथळ पाण्यात ही बॅग निरुपयोगी, कारण तिची स्वतःचीच उंची दीड-दोन मीटर असते. तीन मीटर पाण्यात बोट तळ सोडण्याआधीच बॅग वर डोकावते. आपल्याकडच्या बहुतेक बोटी जेट्टीलगत, तीन ते पाच मीटरमध्ये बुडतात. तिथे आडवी, बंद उशीच्या आकाराची, दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची बॅग बरी. पण एका चांगल्या बॅगेच्या किमतीत दहापेक्षा जास्त जुने ड्रम येतात. वर्षातून अनेक बोटी काढणाऱ्याने बॅग घ्यावी. एका बोटीच्या मालकाने ड्रम आणावेत आणि उरलेले पैसे इंजिनावर घालावेत.

बांधायला दोर नको, रुंद पॉलिस्टर पट्टे घ्या. पट्ट्याच्या रंगावरून त्याची ताकद कळते: जांभळा १ टन, हिरवा २ टन, पिवळा ३ टन. हिरव्याची एक जोडी या बोटीला पुरते. एक पट्टा नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, तिसऱ्या हिश्श्यावर, दुसरा मागच्या फळीच्या थोडा पुढे, दोन्ही पोटाखालून. क्लीट, रेलिंग आणि नाळेची कडी यांना उचलण्याचा ताण देऊ नका. ती दोर अडकवण्यासाठी बसवलेली असतात, पाण्याने भरलेली बोट पेलण्यासाठी नाही.

गाळात रुतलेल्या बोटीचे पुढचे ड्रम आधी भरा. नाळ हलली की गाळाची पकड सुटते, मग मागचे भरा. या वेळी बोटीखाली किंवा कॅबिनमध्ये कोणीही नको, कितीही सराईत पाणबुड्या असला तरी.

क्रेन, ट्रॅक्टर आणि भरती

धक्क्यावर हायड्रा उभी दिसली की मोह होतो. तिच्या अंगावर लिहिलेले १२ किंवा १४ टन हे बूम, म्हणजे क्रेनचा हात, जवळ असतानाचे. बूम आठ-दहा मीटर पुढे काढला की क्षमता झपाट्याने घटते, आणि पाण्याने भरलेली तुमची बोट चार टनांच्या घरात असते. क्रेन वापरायचीच, तर काठ पाण्याला टेकल्यावर थांबवा, पंप लावा, पाणी उपसा आणि मगच पुढे उचला. चालकाला हे आधी समजावून सांगा, कारण एका झटक्यात बाहेर काढण्यातच त्याला कामाचं कौशल्य वाटतं. नाळेला दोर बांधून ट्रॅक्टरने वाळूवर ओढणं त्याहून वाईट. मागची फळी इंजिनासकट उपटून आलेल्या बोटी अशाच ओढण्यातून तयार होतात.

उतरती वाळू जवळ असेल, तर सगळ्यात स्वस्त क्रेन समुद्रच आहे. मुंबई-मांडव्याकडे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो, मालवणला त्याच्या साधारण निम्मा. ओहोटीला ड्रम आवळून बांधायचे, भरतीने बोट उचलली की तरंगत वाळूपर्यंत न्यायची आणि टेकवायची. पाणी उतरलं की तळाचं बूच काढायचं. तीन टन पाणी आपोआप वाहून जातं, पंपसुद्धा लागत नाही. फक्त पुढची भरती यायच्या आत बूच परत लावा. पानशेत, पवना किंवा तापोळ्याच्या जलाशयात ही सोय नाही. गोड्या पाण्यात ड्रमाची उचलही अडीच टक्के कमी. तिथे नववा ड्रम न्यावा.

उपसायचा पंप

दोन इंची पेट्रोल पंप मिनिटाला साधारण ६०० लिटर काढतो, तीन इंची हजाराच्या पुढे. होंडाचे असे पंप शेतीसाठी गावोगाव भाड्याने मिळतात, विकत घ्यायची गरज नाही. काठ पाण्याच्या १० सेंटिमीटर वर असेल तर दोन इंची पंप पाच-सहा मिनिटांत बोट रिकामी करतो. काठ बुडालेला असताना पंप चालवणं म्हणजे समुद्र उपसणं. चोखण्याच्या पाइपाच्या टोकाला जाळी बसवाच, कारण तरंगणारी लाइफ जॅकेट, चिंध्या आणि थर्माकोल पहिल्या मिनिटालाच पाइप तुंबवतात. तीन इंचीच्या भानगडीत पडू नका. तो दोघांना उचलावा लागतो आणि हेलकावणाऱ्या बोटीत स्थिर राहत नाही.

पंप सुरू करण्याआधी पेट्रोलचा वास घ्या. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचून राहते. पाण्यावर पेट्रोलचा रंगीत तवंग असेल, तर पंपाचं इंजिन बोटीत न ठेवता बाजूच्या होडीत किंवा धक्क्यावर ठेवा. बॅटरीची तार शक्य असेल तर पाण्याखाली असतानाच काढा. जोडलेली बॅटरी खाऱ्या पाण्यात तांब्याच्या तारा आणि जोड खात राहते, आणि तिच्यातून क्लोरिनसारखा विषारी वायू निघू शकतो. बुडालेली बॅटरी वापरात परत आणू नका.

इंजिन: इथे पैसे घाला

इंजिन खाऱ्या पाण्यात आहे तोवर गंज हळू चढतो. वर काढून हवा लागली की तासांत पसरतो. म्हणून मेकॅनिक, ऑइल आणि गोडं पाणी किनाऱ्यावर हजर असल्याशिवाय बोट वर काढू नका. हा एक नियम पाळला तर बाकीच्या खरेदीची निम्मी गरज उरत नाही. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येणार असेल, तर इंजिन उतरवून सिंटेक्सच्या कापलेल्या टाकीत, गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. वाळूवर ताडपत्री टाकून ठेवलेलं इंजिन दुसऱ्या दिवशी लालसर झालेलं असतं.

मेकॅनिकने पहिल्या तासात जे करायला हवं ते हे. वरचं झाकण काढून किमान २०० लिटर गोड्या पाण्याने, साध्या नळीच्या धारेने धुवा. कार धुण्याचा प्रेशर वॉशर नको, तो खारं पाणी वायरच्या जोडांत आणखी आत ढकलतो. स्पार्क प्लग काढा, प्लगची भोकं खाली येतील असं इंजिन तिरकं करा आणि फ्लायव्हील हाताने फिरवा, फक्त घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उलट फिरवलं तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाची रबरी पाती उलटी वळून मोडतात. हात जड लागला किंवा एकाच जागी अडकला तर थांबा. चालू असताना बुडालेल्या इंजिनात पाणी पिस्टनच्या वर जातं, पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बळाने फिरवलेलं असं इंजिन आतून फुटतं. ते उघडल्याशिवाय त्याचं खरं काही कळत नाही.

मोकळं फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये ३० ते ५० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल टाका आणि दोन-चार फेरे द्या. अल्कोहोल उरलेलं पाणी सोबत घेऊन बाहेर येतं. प्लगच्या भोकांसमोर तोंड नको, आणि जवळ ठिणगी नको. त्यानंतर प्रत्येकी २० ते ३० मिलिलिटर साधं इंजिन ऑइल. कार्ब्युरेटर असेल तर त्याची वाटी, फ्युएल इंजेक्शन असेल तर व्हेपर सेपरेटरची टाकी, शिवाय फिल्टर आणि नळ्या रिकाम्या करा. टाकीतलं पेट्रोल सगळं टाकून द्यावं लागतं, वरून स्वच्छ दिसलं तरी.

मग ऑइल. या आकाराच्या इंजिनात दोन लिटरच्या आसपास मावतं. पहिलं काढाल ते दुधाळ, चहाच्या रंगाचं असेल. धुण्यासाठी स्वस्त २०डब्ल्यू-४० चालतं. भरा, फिरवा, काढा, पुन्हा भरा. इंजिन सुरू झाल्यावर कानपट्ट्यांतून (इंजिनाच्या पाणी ओढणाऱ्या भोकांवर बसवायच्या, नळी जोडलेल्या रबरी वाट्यांतून) गोडं पाणी देत १० ते १५ मिनिटं कमी वेगावर चालवा आणि परत काढा. दुधाळपणा गेला की मगच नवा फिल्टर आणि मरीन दर्जाचं एफसी-डब्ल्यू शिक्का असलेलं ऑइल, आणि तेही तासा-दोन तासांच्या चालवण्यानंतर एकदा बदला. पहिल्यापासून महाग मरीन ऑइलने धुणं म्हणजे पैसे ओतणं. टू-स्ट्रोक इंजिन याबाबतीत सोपं. त्यात वेगळं ऑइल नाही, पहिल्या टाकीला तेलाचं प्रमाण ५०:१ ऐवजी २५:१ ठेवा. गिअर ऑइलचा स्क्रू सैल करून थेंबभर पाहा. तेही दुधाळ दिसलं तर सील गेलं.

फवारे

डब्ल्यूडी-४० च्या नावातल्या दोन अक्षरांचा अर्थच पाणी हटवणारं, आणि ते काम ते चोख करतं. धुऊन निथळल्यावर लगेच वायरच्या जोडांवर, प्लगच्या टोप्यांवर, स्प्रिंगांवर मारायला ते योग्य. पण त्याचा थर पातळ, आठवडाभर खाऱ्या हवेत उघड्या धातूला राखणारा नाही. दुकानदार गंजरोधक म्हणून सहा डबे गळ्यात मारेल. दोन पुरे. दुसऱ्या दिवशी त्यावर जाडसर थर देणारा गंजरोधक फवारा किंवा नुसतं इंजिन ऑइल ब्रशने लावा. डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं हे किनाऱ्यावरचं मिश्रण बाहेरच्या लोखंडी भागांना ठीक आहे, रबरी नळ्यांपासून मात्र लांब. रॉकेलने धुणं टाळा, ते वाळून जातं आणि मागे काहीच ठेवत नाही.

इलेक्ट्रिकच्या बाबतीत फवाऱ्यांवर विसंबू नका. इंजिनाचा कॉम्प्युटर बहुतेक वेळा सीलबंद असतो आणि वाचतो. मरतात त्या स्टार्टर मोटर, रिले आणि इंजिन वर-खाली कलवणारी टिल्टची मोटर. स्टार्टर मोटर त्याच दिवशी उतरवून, उघडून, गोड्या पाण्याने धुऊन ६०-७० अंशांवर वाळवा. रिले आणि फ्यूज सरळ नवे घ्या. जोडांवर कॉन्टॅक्ट क्लीनर, मग डायइलेक्ट्रिक ग्रीस. यातलं ग्रीस महाग वाटलं तरी घ्या.

पाणबुड्यांची सेवा

करार तासावर नको. बोट तरंगली तर पैसे, नाही तर नाही, हे तत्त्व लॉईड्सच्या प्रसिद्ध बचाव-करारातही आहे, आणि छोट्या बोटीलाही ते लागू करायला हरकत नाही. ठरवताना चार गोष्टी विचारा: ड्रमाचा सिलिंडर वेगळा आहे का, पट्टे कुठे बांधणार, पंप सोबत आणणार का, आणि काठ वर आल्यावर बोट कुठे टेकवणार. "बघू तिथे गेल्यावर" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा. स्थानिक मच्छीमार मंडळींना प्रवाह आणि तळ कुठल्याही कंपनीपेक्षा चांगला माहीत असतो. पट्टे आणि ड्रम तुमचे असतील तर त्यांच्याकडूनच काम उत्तम होतं.

विम्याच्या सर्व्हेअरची वाट पाहत इंजिन धुणं थांबवू नका. नुकसान वाढू नये म्हणून केलेला वाजवी खर्च मिळण्याची तरतूद बोटीच्या पॉलिसीत बहुधा असते, आणि तसं न केल्याचा दोष मात्र मालकावर येतो. धुण्याआधी फोटो आणि व्हिडिओ, ज्या भागामुळे पाणी शिरलं तो तुटका पाइप, क्लिप किंवा बूच जपून ठेवा, आणि ऑइल-अल्कोहोलच्या बिलांवर तारीख-वेळ घालून घ्या. जुनाट, कुजलेला होजपाइप कारण निघाला तर झिजेचं कारण सांगून दावा नाकारला जाऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

परत पाण्यात घालण्याआधी

बिल्ज पंपाच्या, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या, डब्यावरचा आकडा फसवा आहे. ५०० गॅलनचा पंप म्हणजे तासाला सुमारे १९०० लिटर, मिनिटाला ३१, तेही उंचीवर न ढकलता आणि पूर्ण व्होल्टेजवर. बुचाचं २५ मिलिमीटरचं भोक पाण्याखाली ३० सेंटिमीटर असेल, तर त्यातून मिनिटाला ४० लिटरहून जास्त पाणी आत येतं. म्हणजे बूच विसरलात तर हा पंप हरणारच. रूल कंपनीचा ११०० गॅलनचा पंप घ्या, फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा) फ्यूज लावून थेट बॅटरीला जोडा, मुख्य स्विचमधून नको. रात्री मुख्य स्विच बंद असतो, आणि बोटी बुडतात त्या रात्रीच.

शेवटी सांगाडा. मागच्या फळीत आणि तळात प्लायवूड असतं, रिकाम्या जागेत फोम. छोट्या हातोडीच्या दांड्याने दर १० सेंटिमीटरवर ठोका. टणक टक् आवाज आला तर ठीक, बोदा आला तर आत पाणी आहे. तिथे सहा मिलिमीटरचं भोक पाडून भुसा चिमटीत घ्या. काळपट आणि ओला निघाला तर फळी उघडावी लागेल. फोमने पाणी धरलं असेल तर तो उन्हात वाळत नाही, कापून काढून नवा भरावा लागतो. फळी कोरडी आल्याशिवाय त्यावर ११५ किलोचं इंजिन परत टांगू नका, कारण चार बोल्ट ओल्या प्लायवूडमध्ये कितीही आवळले तरी महिन्याभरात सैल पडतात.